मामांचा पायगुण

गाडी बुटकी करायचा नाद लई वाईट, राव. चौसाळ्यात नवीनच केबल आलती, तवाची गोष्ट. टीव्हीवर परदेशी शर्यती बघून आमच्या दिलीपनं स्प्रिंगा कापल्या अन् आपली लाल गाडी पार जमिनीला टेकवली. तवापासून ती डावीकडं ओढायला लागली. पुलावर तर आमी जीव मुठीत धरून बसायचो. टायर बदलले, अलाइनमेंट केली, काही उपयोग न्हाई. खरी गोम मला दिसत व्हती. डावीकडं, पुढच्या सीटवर, दिलीपचे सासरे बसायचे. मामा म्हणजे सव्वाशे किलोचा ऐवज. पण जावयानं सासऱ्याला "मागं बसा" म्हणायचं कसं?

शेवटी मीच म्हणलं, "मामा, जरा उतरून बघता का, चाक कुठं घासतंय?"

मामा उतरले. दिलीपनं एक चक्कर मारली. गाडी सुतासारखी सरळ!

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "बघितलं का बे? ह्याला पायगुण लागतो माणसाचा!"

दिलीपनं हात जोडले. "खरंय मामा. लोकांचा पायगुण आत आल्यावर लागतो, तुमचा उतरल्यावर."

मामा इतके खूश झाले, की दार उघडून परत पुढंच बसले.