पाटावरच्या चार मॅगझीन

हॅलो? …हो गौरव, मोजल्या. काल दसऱ्याच्या पूजेत पाटावर पिस्तुलं दोन अन् गोळ्या भरायच्या मॅगझीन चार होत्या. दोन बाबाच्या, दोन यशवंतकाकाच्या. आता दोन तिकडे छिंदवाड्याले तुमच्याजवळ, दोन इथं सौंसरले माझ्यासमोर. संख्या बरोबर आहे. जोड्या चुकल्या.

…कशा म्हणजे? आईनं पुसल्या, हळदकुंकू लावलं, अन् हाती आल्या तशा डब्यांत भरल्या… तिच्यावर नको ओरडू, ती इथंच उभी आहे.

अरे ऐक ना! मी व्हर्नियरनं मोजलं. जिथून गोळी वर येते ना, तिथली फट. एकीची सात पूर्णांक एक मिलिमीटर, दुसरीची सात पूर्णांक सहा. म्हणजे घरी एक बाबाची, एक काकाची. तुमच्याजवळही तसंच.

…हो, दोन्ही पिस्तुलांचं डिझाइन एकच आहे, शंभर वर्षं जुनं. म्हणूनच तर! आता कोणताही कारखाना बनवते ते. नकाशा तोच, पण कोणी केसभर फरक चालवून घेते, कोणी चार केस. बाबाचं ज्यांनी बनवलं ते एकेक भाग घासून बसवतात, चालवून पाहतात. काकाचं ज्यांनी बनवलं ते शंभरातलं एक पाहत असतील.

…नाही रे, भंगार नाही. काकाचं पिस्तूल स्वतःच्या मॅगझीननं बरोबर चालते. पण बाबाच्या तंग पिस्तुलात ती सैल घातली की गोळी तिरपी येऊन अडकते. …मागच्या दसऱ्यानंतर दोनदा अडकली नव्हती का? बाबा म्हणाले, गोळ्याच खराब.

बाबाचा नंबर कधी आहे? …अकरा मिनिटं? अन् बाबा काय करून राहिले? …चहा पिऊन राहिले. छान!

हसू नको बे. चाचणीत दोन मिनिटांत दहा गोळ्या, आठ लागल्याच पाहिजेत. नाही तर पांढुर्ण्याच्या बँकेतली गार्डची नोकरी गेली म्हणून समज.

हं, आता सांगते तसं कर. बाबाले दोन्ही मॅगझीन रिकाम्या करायले सांग. तू हात नको लावू. …झाल्या? आता मॅगझीनच्या पाठीवरून नख फिरवायले सांग. काकाच्या मॅगझीनले जोडाची रेघ आहे, तिथं नख अटकते. बाबाची गुळगुळीत. …अटकलं? कोणत्या? …कुंकवाची? अरे कुंकू दोन्हीले आहे! कोणत्या हातातली? …डाव्या. ती बाजूला ठेवू दे.

…हो, एकीवरच भागवायचं. पाच भरून झाडायच्या, मग पुन्हा पाच भरायच्या. …माहीत आहे, बोटं सुजली आहेत. त्यांना फोन दे.

बाबा? …हो, हो बाबा, फौजेत तुम्ही होते, मी नव्हती. …शहाणपण नाही शिकवून राहिली. एकीनंच चालवा, एवढंच म्हणते. …आईची शपथ नका घालू, ती ऐकून राहिली. …बरं. बरं, बाबा. घाई नका करू.

गौरव, फोन नको ठेवू. मागं उभा राहा. मी घड्याळ लावते… सुरू? …एक. दोन. …तीन, चार. …पाच.

भरून राहिले? …अजून? …काय पडलं? गोळी? …उचलली? …गौरव, एक मिनिट दहा झाले. …एक मिनिट वीस. बोल ना!

…सहा. सात. …आठ. …हॅलो? हॅलो? …नऊ. …दहा.

निशाण्याचा कागद पाहिला? …कोणी मोजलं, साहेबानं? …पुन्हा सांग. …बरं. थांब, आईले सांगते.

आई, दहा सुटल्या. आठ लागल्या. एक मिनिट बावन्न सेकंद.