बाळंतपण घाटावर की घाटाखाली

चिंचवडच्या दवाखान्यात आठवा महिना लागलेली माझी शेजारीण मैत्री तपासून घ्यायला आत गेली होती. बाहेर बाकावर माझ्या शेजारी तिचा नवरा आणि कालच महाडहून आलेली तिची आई. नोव्हेंबरच्या त्या सकाळी आईंनी जावयाच्या कंपनीचं जॅकेट घालून चेन गळ्यापर्यंत लावली होती.

“जावईबापू, पहिलं बाळंतपण माहेरी. रीतच आहे ती.”

“आई, इथं दवाखाना दाराशी आहे.”

“आणि थंडी घरात! जानेवारीच्या गारठ्यात बाळाला न्हाऊ कसं घालायचं?”

“हीटर आणलाय.”

“आमच्याकडे लागतच नाही. का लागत नाही? काल जेवताना तुम्हीच सांगत होतात.”

“सह्याद्रीमुळे. घाटावरचा गार वारा तो तुमच्याकडे फारसा उतरू देत नाही, आणि समुद्राची ऊब आमच्याकडे चढू देत नाही.”

“म्हणजे ऊब सगळी आमची!”

“पाऊसही तुमचाच. ढग अडवून तुमच्याच डोक्यावर ओततो.”

“जानेवारीत कसला पाऊस हो?”

“मी आपलं सांगितलं... आई, मी पाणी तापवीन, दुपटी धुवीन, ओव्हरटाइम बंद करीन.”

“एवढं सगळं?”

“तिकडे गेली की बाळ मला फोनवरच दिसणार ना.”

“अहो, मग सरळ सांगायचं! मघापासून डोंगराआड काय लपताय? रजा टाका आणि तुम्हीही चला. सह्याद्री ढगाला अडवतो, जावयाला नाही.”