थांब्यावर उभे प्रवासी: शून्य

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, महानगर वाहतूक नियोजन कार्यालयातले माझे वरिष्ठ आणि सहकारी, आवर्जून आलेली चालक-वाहक मंडळी, आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसलेली माझी थोरली बहीण,

मघापासून माझ्याबद्दल जे बोललं जातंय ते ऐकून वाटत होतं, असा माणूस या ऑफिसात होता तर माझी त्याची भेट कशी नाही झाली?

आज निवृत्त होतोय, नोकरीला तेहतीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी तीन प्रादेशिक आराखडे केले, प्रत्येक वीस वर्षांचा. म्हणजे पुढची साठ वर्षं मी पाहून ठेवली आहेत म्हणायला हरकत नाही. शहर कुठं वाढेल, किती लोक कुठून कुठं जातील, सगळं रंगीत नकाशावर काढायचो. शहर आपलं भलतीकडेच जायचं. बाग दाखवली तिथं गोदामं झाली, गोदामं दाखवली तिथं अडीच लाख लोक राहायला आले. मग त्यांच्यासाठी बस शोधा. बस काय झाडाला लागतात? एकाची काढायची, दुसऱ्याला द्यायची. थकायला होतं हो त्यानं.

पाहुण्यांनी उत्तरेच्या जलद बसमार्गाचा उल्लेख केला. रोजचे चाळीस हजार प्रवासी. माझ्या शिरपेचातला मानाचा तुरा, असं ते म्हणाले. त्यांचा मान राखून त्या तुऱ्याची हकिकत सांगतो. फार वेळ घेणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्या मार्गाला बावीस बस लागणार होत्या, मिळाल्या एकोणीस. जुन्या खाणीच्या वसाहतीला जाणाऱ्या बस अलीकडच्या चौकातूनच परत फिरवल्या आणि पुढचे अडीच किलोमीटर कापले, तर तीन सुटत होत्या. पण प्रवाशांची मोजणी केल्याशिवाय बस काढून घ्यायची नाही, असा नियम. उद्यापासून माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या बाई तेव्हा नव्या होत्या. मोजणीला त्याच गेल्या. तक्त्यात रकाना होता, ‘थांब्यावर उभे प्रवासी’. त्यांनी इमानेइतबारे दर पंधरा मिनिटांनी लिहिलं, शून्य. आणि तळाशी पेन्सिलीनं एक ओळ लिहिली: ‘थांब्याला छप्पर नाही. लोक समोरच्या शिंप्याच्या पडवीत उभे राहतात, बस दिसली की धावत येतात.’

तक्त्यात शेऱ्याला जागा नव्हती. ती ओळ मी खोडरबरानं पुसली आणि खाली सही केली. बाई, तुम्ही विचारलं होतंत, “साहेब, ती ओळ?” मी म्हणालो, “रकान्यात बसत नाही.”

मला ती खोटी वाटली म्हणून पुसली का? छे. त्या पडवीत मी स्वतः चार वर्षं उभा राहिलोय. आई गेल्यावर ताईनं मला त्याच वसाहतीतल्या दोन खोल्यांत वाढवलं. शिंप्याच्या मशीनचा आवाज ऐकत उभं राहायचं आणि बस वळणावर दिसली की पळायचं, असाच मी कॉलेजला गेलो. मला ठाऊक होतं. पण उद्घाटनाची तारीख ठरली होती, आणि मला बढती हवी होती. आता लपवून काय करू?

ताई तेव्हा हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. दिवसभर ओल्या चादरी उपसायच्या आणि चौकात उतरून अडीच किलोमीटर चालत घरी. एकदा मला म्हणाली, “आमची बस कुणीतरी बंद केली रे. तू विचारून बघ ना तुझ्या ऑफिसात.” मी म्हणालो, “वरून आलंय, ताई.” वरून म्हणजे कुठून? माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं.

तिनं पुन्हा विषय काढला नाही. शेजारणींना मात्र सांगायची, धाकटा आहे तिथं, तो बघेल. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा. ती म्हणाली, “कमी कसं करू, घरच तेवढं लांब आहे.”

धाकट्यानं बघितलं नाही असं नाही. ती बस परत सुरू करायचा प्रस्ताव मी तीनदा पाठवला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: मागणी नाही, जुनी मोजणी पाहावी. मोजणीखाली सही माझी. काल चौथा प्रस्ताव अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलाय. त्यात बाईंची ती ओळ आहे, या वेळी शाईनं, आणि ती कुणी पुसली होती तेही लिहिलंय. अध्यक्ष महोदय, तो तेवढा बघा. मला दुसरी भेटवस्तू नको.

ताईला हे सगळं आज, तुमच्याबरोबरच कळतंय. घरी सांगायला निघालो की दरवेळी ती आधी जेवायला वाढायची, आणि माझा धीर व्हायचा नाही.

ती उठली वाटतं. मंडळी, तिला जरा वाट द्या. रागावली असेलही, मला इथून चेहरा दिसत नाही. पण चौकाकडे जाणारी शेवटची बस पावणेसातला आहे, आणि ती वेळही याच सभागृहात बसलेल्यांनी ठरवलेली आहे.

तेव्हा आवरतो. अध्यक्षांचा, पाहुण्यांचा, बाईंचा आणि इतकी वर्षं आमची वेळापत्रकं सोसणाऱ्या चालक-वाहकांचा मी आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या, असं शेवटी म्हणायची रीत आहे. बोलण्यात आज काही चुकलेलं नाही. चुकलं ते अकरा वर्षांपूर्वी, आणि ज्यांची माफी मागायची त्यांच्यातलं एक माणूस आता दारापाशी पोचलंय.

पुष्पगुच्छ इथंच राहू दे. तिच्याकडे मी नेहमी ऑफिसच्या गाडीनं गेलो. चौकापासून पुढचा रस्ता या अकरा वर्षांत मी एकदाही चाललेलो नाही. ताई, जरा थांब. मी येतो बरोबर.