दाराबाहेर आण्णा

माझा प्रबंध पुरा झाला याचं कौतुक तुम्ही माझं करता, गड्यांनो, पण खरे हकदार दोघं वेगळेच.

साल त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर असेल. लिहायला म्हणून मी कडेगावला घरी येऊन बसलो होतो. आमचे वडील, आण्णा, फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. माझ्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि कुणाला आत सोडायचे नाहीत. आत मी लिहिणं सोडून बाकी सगळं करायचो.

एका दुपारी बाहेर ओळखीचा आवाज आला. एकही प्रकरण हाती पडेना म्हणून आमचे गाईड स्वतः कोल्हापूरहून एसटीनं आले होते.

"आत जायचं न्हाई. पोरगं लिवतंय," आण्णा म्हणाले.

"मी त्याचा गाईड."

"आसं व्हय! आवं सर, लय राबवून घेताय त्याला. जेवायलाबी उठत न्हाई ओ. जरा दमानं घ्या की."

आण्णांच्या आवाजातली माया ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण टेबलावर त्यांचाच ट्रान्झिस्टर मी उगाच खोलून ठेवला होता. आवरायच्या आत सर दारात!

"जमलंय का, सर?" मागनं आण्णांनी विचारलं.

सरांनी टेबलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग आण्णांना आतलं दिसू नये असे दारात आडवे उभे राहिले.

"सगळं मांडून झालंय, सुभेदारसाहेब. आता फक्त जुळवायचं राहिलंय."

आणि दार लावून मला हळूच म्हणाले, "आधी रेडिओ जुळव. पहिलं प्रकरण सोमवारी."