माह्या गळ्यातून आवाज निंगाला नाई

माहं नाव वच्छला. माहेर कळंबच्या अंगाले, पन्नास-साठ घरांचं गाव, विहाराच्या मागंच आमचं घर, बाप मजुरी करे अन् माय बी मजुरीच करे, आमी चार बहिनी, मी तिसरी. माहा आवाज लहानपनापासून मोठा, काय सांगू तुमाले ताई, सकाऊन मजूर बायाइले हाका माराचं काम माह्याकडेच राहे, मी एक हाक टाकली का गावाच्या दुसऱ्या टोकाची बाई डबा बांधाले घे. माय म्हने, पोट्टे, जरा दमानं बोल, तुह्यं लगन व्हाचं हाये अजून. चौथीपोतर शिकली, मंग वावरात लागली. अठराव्या वर्सी लगन झालं अन् या गावात आली, जंगलाच्या काठाले. तवा त्या जंगलाचं काई वाटे नाई, टेंभरं आनाले, काड्या आनाले खुशाल जाओ आमी.

घरात मी, आमचे हे, अन् त्याइचा धाकला भाऊ, म्हनजे माहा दीर. मले लेकरू झालं नाई. दवाखाने केले, यवतमायले गेलो, नाई झालं तं नाई झालं. मंग दिराचं लगन झालं, बोरी अरबकडची सुनिता माही जाऊ म्हनून आली, अन् दोन वर्सात तिले पोरगी झाली, प्रज्ञा. खरं सांगू का, पयले मले सुनिताचा राग ये. ती मले बाई म्हने, हासत हासत बोले, अन् मी तोंड फिरवून घेओ. भांडनं बी होये आमची, चुलीवरून, पान्यावरून. पन वावरात गेलं का दोघी बाजूबाजूच्याच तासाले, म्हनजे कापसाच्या ओळीले लागो, ती पुढं, मी मागं, तिचा हात वेचाले लय चालू होता. पोरगी मातर माह्याजवय राहे. मले मोठी माय म्हने, अजून बी म्हनते, म्हनजे मधात म्हने नाई, ते पुढं सांगते.

तर त्या साली वाघाचं भेव होतं. नाल्याच्या रेतीत पंजे दिसलते, बाजूच्या गावातला एक गोऱ्हा गेलता, जंगल खात्याचे लोक येऊन सांगून गेलते का एकटं जाऊ नोका, जमून जा. पन वेचनी थांबते का? बोंडं फुटली का वेचाच लागते. सहा बाया होतो आमी त्या दिवसी. चार जनी रस्त्याच्या अंगानं अन् मी अन् सुनिता नाल्याच्या अंगानं, तिकडं कापसाची पऱ्हाटी चांगली होती, छातीपोतर आलती. अन् त्या सकाऊनच आमचं बोलनं झालतं. प्रज्ञा वेनी घालाले माह्याजवय येऊन बसली, सात वर्साची होती, तं सुनितानं तिचा हात धरून वढली अन् म्हने, बाई, पोरगी माही हाये. एवढंच. तासाले लागलो तं दोघी बी मुक्या.

नऊ-दहा वाजले असतीन, ऊन चांगलं पडलतं. मले श्वासाचा आवाज आला. बैल पानी पेल्यावर नाकातून फुंकर टाकते ना, तसा, पन लांब, एक आत, एक बाहीर, एक आत, एक बाहीर. मले वाटलं कोनाचं ढोर घुसलं वावरात. मान वर केली तं दोन तास सोडून ते होतं. सुनिता वाकून वेचून राह्यलती, तिची पाठ त्याच्याकडे. मले ते दिसलं, तिले नाई दिसलं. ताई, मी तोंड उघडलं. एवढं मले चांगलं आठवते, तोंड उघडलं होतं. पन आवाज निंगाला नाई. काईच नाई निंगालं. पाय गेले अन् मी पऱ्हाटीत खाली बसली. बसल्यावर मले फक्त झाडं दिसे. मंग सुनिता वरडली, बाई! एकडाव. मंग झाडं मोडल्याचा आवाज, नाल्याकडे जाये जाये असा.

रस्त्याकडच्या बाया वरडत आल्या, मानसं आली, डबे वाजवले, सारं झालं. सुनिता नाल्यात भेटली. ते मी सांगत नाई.

मंग पोलिस आले, जंगल खात्याचे आले, इचाराले लागले का कोनं पाह्यलं. तं एक बाई म्हने, या वच्छलाबाईनं बोंब मारली म्हनून आमी धावलो, नाई तं आमाले मालूमच पडलं नसतं. त्या सुनिताची हाक माही समजल्या. मी मान हालवली. साहेबानं इचारलं, मंग तुमी काय केलं, तं मी म्हनलं, वरडली, ढेकलं मारली. कसं निंगालं तोंडातून मले मालूम नाई. जवा आवाज पाह्यजे होता तवा नाई निंगाला, अन् खोटं बोलाले निंगाला. तवापासून गावात झालं का वच्छलाबाई वाघापुढं उभी राह्यली. बाया मले पाह्याले येत, हात धरत. मले वाटे जमीन फाटावी.

दिराचं मन गावात लागे नाई, तो वनीले गेला, कोयशाच्या ट्रकवर लागला, पंधरा दिवसाले ये. पोरगी माह्याजवय राह्यली. पाहा ना, जिच्यावरून भांडन झालं ती पोरगी माहीच होऊन बसली.

अन् मले भेव लागलं. भेव म्हनजे कसं सांगू? मोरीचं दार लावून आंग धुता ये नाई. म्हैस फुरफुरली का हातातलं भांडं पडे. सयपाक करता करता मले वाटे पाठीमागं कोनी श्वास घेऊन राह्यलं, मी वयून पाहो, कोनी नाई, अन् छाती अशी धडधड करे का आता गेली. वावरात जानं बंद झालं. धुऱ्यापोतर, वावराच्या बांधापोतर जाओ अन् परत फिरो. दवाखान्यात कागदाची पट्टी काढली छातीची, डॉक्टर म्हने बाई तुमाले काई झालं नाई. आमचे हे म्हनत, ऐकलं ना, काई नाई झालं. मंग तं अजूनच भेव वाटे, का ज्याले काई नाई म्हनते ते बरं कसं होईन?

दोनेक वर्सानं बचत गटातल्या बायानं मले एका शिबिरात नेलं, तालुक्याले, मंगल कार्यालयात. श्वास घ्याचं शिबिर, मनातलं दुख मोकयं होते म्हने. नागपूरचे एक सर होते, चांगले होते बोलाले, वाईट नाई म्हनत मी. सतरंजीवर आमाले झोपवलं, डोये बंद करा, अन् जोरजोरात श्वास घ्या, थांबू नोका, रडू आलं तं रडा. गानं लावलं मोठ्यानं, बिना शब्दाचं. मी घेतला श्वास. आता तुमीच इचार करा ताई, पन्नास मानसं एका खोलीत नाकातून फुसफुस करून राह्यली, अन् माहे डोये बंद. मले चारी बाजूनं तेच ऐकू आलं. ओठाले मुंग्या आल्या, हाताची बोटं आतल्या आत वाकडी झाली, कोंबडीच्या पायासारखी, मले उघडता येत ना. सर जवय आले अन् म्हने, येऊ द्या, येऊ द्या, घाबरू नोका. येऊ द्या? मले मालूम होतं काय येऊन राह्यलं ते! मी उठून पयाली, चपला तिथंच, बसस्टँडपोतर अनवानी. कोनी म्हने बाईच्या अंगात आलं. घरी आल्यावर मी म्हनलं, आता मरन आलं तरी डोये बंद करून बसनार नाई.

पाच वर्साखाली शीला मॅडम आल्या गावात. कळंबच्या दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झाल्यावर आइतवारी विहारात येऊन आनापान शिकवाले लागल्या, म्हनजे श्वास येते-जाते तो नुसता पाह्याचा. प्रज्ञा जाये, मी तिले सोडाले जाओ अन् बाहीर चपलेजवय बसो. तीन-चार आइतवार झाल्यावर मॅडम बाहीर आल्या, इचारलं, आत काहून येत नाई? मी म्हनलं, मले श्वासाचं भेव वाटते. आता असं कोनी सांगतलं तं मानूस हासन ना? त्या नाई हासल्या. म्हने, बरं, मंग श्वास पाहू नोको, दारात बस, डोये उघडे ठेव, अन् तळपाय फरशीले लागले हायेत का एवढंच पाह्यजो. भेव वाटलं तं उठून जाजो, मले इचारू बी नोको.

तेवढंच केलं मी, कितीतरी महिने. फरशी थंड लागे. मंग एक श्वास, मंग तीन, मंग उठून बाहीर. पाचाच्या वर गेली का तो दुसरा आवाज ये अन् मी चपला घालो. मॅडम म्हनत, जितकं झालं तितकं झालं. अन् एका आइतवारी, पावसाळा संपलता, तो आवाज आला अन् मी उठली नाई. काहून नाई उठली ते माह्यं मले कयलं नाई. घाम सुटला, दात वाजे, पन बसली. आवाज आला, अन् त्याच्या मागून सुनिताची हाक आली, बाई! अन् त्याच्या मागून काईच नाई. ते जे काईच नाई होतं ना ताई, तेच माहं भेव होतं. वाघ नव्हता तो. मी होती.

सारे गेल्यावर मॅडमले सांगतलं, मी बोंब मारली नाई, मी बसून राह्यली. त्या म्हने, भेव लय मोठं झालं का शरीर आपल्याले इचारत नाई वच्छला, कोनाचे पाय पयतात, कोनाचा गळा बंद होते, तू ठरवलं नव्हतं. मी म्हनलं, पन खोटं तं मी ठरवून बोलली. मॅडम माह्या बाजूले येऊन बसल्या. मंग म्हने, ते खरं हाये. पन सांगाची घाई करू नोको, तुह्यं ओझं हलकं कराले पोरीच्या डोक्यावर नोको ठेवू.

म्हनून मी थांबली, तीन वर्सं थांबली. मांगच्या साली प्रज्ञा अकरावीत होती, शायेत निबंध लेहला, माही मोठी माय म्हनून. सरानं साऱ्या वर्गापुढं वाचला. घरी येऊन मले वाचून दाखवाले लागली, का माह्या मोठ्या मायनं वाघाले ढेकलं मारली, माह्या मायसाठी जीव धोक्यात घातला. मी तुरीच्या शेंगा सोलून राह्यलती दारात. म्हनलं, थांब व. अन् सांगतलं. जसं तुमाले सांगतलं तसंच, वेनीचं भांडन बी सांगतलं.

तिनं वही बंद केली. म्हने, माह्या मायनं शेवटी काय म्हनलं? मी म्हनलं, बाई म्हनलं. तुले हाक मारली? हाव. अन् तू बसून राह्यली? हाव व माय, बसून राह्यली.

दुसऱ्या दिवसी ती बापाजवय वनीले निंगून गेली. अकरा दिवस. ते अकरा दिवस मी सांगू शकत नाई तुमाले, वाघाचं भेव त्याच्यापुढं काईच नाई. आमचे हे बोलले नाई माह्यासंग, ताट वाढलं तं जेवत, उठून जात. मी रोज सकाऊन विहारात जाऊन बसो, तळपाय फरशीले लावून. बरं वाटे म्हनून नाई. दुसरी जागाच नव्हती.

बाराव्या दिवसी दीर तिले गाडीवर घेऊन आला. मी त्याच्या पायाकडे पाहून राह्यलती. तो म्हने, वैनी, मले मालूम होतं. त्या दिवसी वरडू वरडू साऱ्या गावाचा गळा बसलता, अन् तुमी पोलिसाले साफ आवाजात सांगून राह्यलत्या. मी म्हनलं, मंग बोलले काहून नाई भाऊजी? तो म्हने, बोलून काय झालं असतं, पोरगी कोनाजवय ठेवली असती? अन् पानी पेऊन निंगून गेला. त्याच्या मनात काय हाये मले आजून मालूम नाई.

पोरगी राह्यली, पन मोठी माय म्हने नाई. जेवाले दे, पैसे दे, एवढंच. नऊ-दहा महिने तसेच गेले. मंग या सालच्या वेचनीत एक दिवस म्हने, मले ती जागा दाखव. दहा वर्सं मी धुऱ्याच्या पुढं गेली नव्हती. मी म्हनलं, नोको व, जनावर आजून हाये जंगलात. ती म्हने, तू नाई आली तं मी एकटी जातो.

गेलो. दिवसा उजेडी, संग आमचे हे काठी घेऊन, अन् चार बाया. धुऱ्यावर पाय थांबले माहे. तळपाय जमिनीले लावले, एक श्वास घेतला, दुसरा घेतला, चालली. बरं वाटलं म्हनून नाई चालली, भेतच चालली. पऱ्हाटी तशीच उभी होती, छातीपोतर, जसं काई झालंच नाई तिथं. मी दाखवलं, इथं मी, तिथं तुही माय. पोरगी म्हने, एवढ्या जवय? मी म्हनलं, हाव, एवढ्या जवय. ती तिच्या मायच्या जागेवर जाऊन उभी राह्यली जराशी. मंग माह्या जागेवर आली, अन् खाली बसली, जशी मी बसलती तशी, मांडी मोडून. लय वेय बसली. आमचे हे म्हने, चाल आता. ती उठली नाई. मंग तिथूनच म्हने, इथून काईच दिसत नाई व मोठी माय, नुसती झाडंच दिसते.

मी म्हनलं, हाव, नुसती झाडंच दिसते.

आता बारावीत हाये, नर्सिंगले जातो म्हनते, यवतमायले. जावं बापा. शिकावं, मोठ्या गावात राहावं. माहं म्हनाल तं भेव गेलं नाई ताई, कोनी सांगन श्वासानं सारं जाते तं तुमी मानू नोका. येते ते, म्हैस फुरफुरली का आजून येते. पन मी बसते, ते बी बसते, मंग कवा उठून जाते मालूम पडत नाई. रस्त्याकडच्या तासाले लागते मी आता, वेचनीले. नाल्याकडे नाई जात.

चला, लेहून झालं का तुमचं? मंग निंगा आता, दिवस हाये तोवर निंगा, रस्त्यात कुठं गाडी थांबवू नोका. सुखरूप पोचा, अन् पोचल्यावर फोन करजा, तोवर माहा जीव तिकडंच राह्यते. जयभीम.