कधी आऊट न झालेला गडी

कशेळ्याला जीप भरायची वाट बघत बसलो होतो. शेजारी मोबाईलचे गेम बनवणारी नात आणि ते खेळून बघणारी आजी.

“रिया, परत मेले गं मी.”

“सोपा केला तर पोरं हसतात, अवघड ठेवला तर तू मरतेस. सोमवारी गेम द्यायचाय, आजी!”

“आमच्या लगोरीत तुझा आजा लिंबूटिंबू असायचा. चेंडू लागला तरी आऊट नाय.”

“चालायचं त्यांना?”

“त्याला कुठं ठाव! अजून गावभर सांगतो, मी कदी आऊट झालो नाय.”

नातीने लॅपटॉपवर बरीच खुडबुड केली.

“घे, आता खेळ.”

“अगं, जिंकले की! मला लिंबूटिंबू तर नाय केलंस?”

“छे गं आजी.”

“तुझ्या आज्यानं इचारलं की मीबी असंच सांगते.”