आईच्या खोलीतली ओल

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकटी हॉस्टेलवर राहून आर्किटेक्चर शिकणारी, परीक्षेला निघालेली. हातात पुठ्ठ्याचं भिंतीचं मॉडेल. थोरली घरून तिला सोडायला आलेली.

"ताई, आईच्या खोलीत बाहेरून पाणी झिरपतच नाहीये. उगाच दर वर्षी गच्चीला डांबर फासता."

"मग भिंत ओली कशी होते?"

"आतल्याच वाफेनं. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो ना, तसं. आपल्या श्वासातली, वाळत घातलेल्या कपड्यांतली वाफ गार भिंतीवर बसते."

"तुझी ही पुठ्ठ्याची भिंत बरी कोरडी राहते."

"हिच्यात गारवा अडवणारा थर आहे. आणि खिडकी उघडी आहे. आईनं नुसती खिडकी उघडली तरी निम्मी ओल जाईल."

"सांगून थकले. नाही उघडत."

"थंडी वाजते म्हणून?"

"शेजारच्या काकूंना ऐकू जाईल म्हणून. त्या लगेच तुला कळवतील."

"काय ऐकू जाईल?"

"तिचा खोकला."

"कसला खोकला? मी रोज बोलते की तिच्याशी."

"तुझा फोन वाजला की आधी गरम पाणी पिते, मग उचलते. परीक्षा होईपर्यंत तुला कळू द्यायचं नव्हतं तिला."

"म्हणून इतका वेळ नुसती रिंग वाजत राहते?"

"बस आली बघ. चढ. मॉडेल सांभाळ."

धाकटी माझ्याकडे वळली.

"काका, तुम्ही व्हा पुढे."